ड्रूग म्हणजे दुर्ग नव्हे

मयेकरकाका, मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता, फुजैरात खोलीवरून बसथांब्याकडे चालत जाताना तुम्ही कोसळलात. रुग्णवाहिका सात मिनिटांत आली. सात वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला. कारण हृदयविकाराचा झटका. वय त्रेसष्ट.

मला सव्वानऊला कळलं. तुमच्या ऑफिसातल्या शाजीने फोन केला. "मॅडम, मयेकर साब नहीं रहे," तो म्हणाला. मी सवयीने विचारलं, "कितने बजे? कन्फर्म किसने किया?" तो म्हणाला, "मैं खुद यहीं अस्पताल में हूँ, मॅडम." मृत्यूची बातमी दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर लावत नाहीत. मी फोन ठेवला आणि तुमच्या नंबरावर लावला. तो शाजीनेच उचलला.

तुमचा जन्म, शिक्षण, नोकऱ्या यांची यादी मी इथे देत नाही. ती इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आहे आणि तिच्यात दोन चुका आहेत. तुम्ही कप्तान कधीच नव्हतात. आणि तुमचं गाव मालवणात नाही, वेंगुर्ल्याच्या बाजूला आहे. मला फक्त एका दुरुस्तीबद्दल बोलायचं आहे. ती तुम्ही माझ्याकडे अकरा महिन्यांपूर्वी मागितली होती. तुम्ही हयात असताना मी ती केली नाही.

पहिली भेट चार वर्षांपूर्वीची. मी दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकात कॉपी डेस्कवर आहे. दुसऱ्यांच्या बातम्या तपासायच्या, कापायच्या, मथळे द्यायचे. बाहेर पडायची वेळ क्वचित येते. त्या आठवड्यात रिपोर्टर सुट्टीवर होता आणि जहाजांवरचे कागदी नकाशे बंद होत चालल्याची बातमी हवी होती, म्हणून मला फुजैराला पाठवलं. बंदराजवळच्या गाळ्यात जहाजांना नकाशे पुरवणारी तुमची कंपनी. पूर्वी तिथे नकाशे दुरुस्त करणारे सहा जण होते. आता टेबलं सहा आणि माणूस एक. तुम्ही मान वर न करता इंग्रजीत उत्तरं देत होतात. मग माझ्या वहीतली देवनागरी तुम्हाला दिसली.

"मराठी? मग मघापासून इंग्रजी कित्याक फाडतंस?"

त्यानंतर तुम्ही काम दाखवलंत. दर आठवड्याला नाविकांसाठी सूचना येतात. कुठला दिवा बंद पडला, कुठे नवं जहाज बुडालं, कुठे वाळू साचली. प्रत्येक सूचनेत मुख्य आज्ञा दोनच: काय काढा आणि काय घाला. तुम्ही ते बारीक टोकाच्या पेनाने, जांभळ्या शाईत नकाशावर उतरवायचात. जुनं खोडायचं, पण वाचता येईल असं. टेबलावर खोडरबर नव्हतं. मी विचारलं, तेव्हा म्हणालात, "चूक पुसली तर पुढल्याक कळतला कसा, हयसर चूक होती ती?" माझ्या बातमीत हे सगळं तीन ओळींत आलं. बाकीचं जागेअभावी कापलं गेलं. कापलं मीच.

डच नकाशे दुसऱ्या भेटीत दाखवलेत. नेदरलँड्समधल्या एका अभिलेखागाराने ते आपल्या वेबसाइटवर ठेवले आहेत. तिथून उतरवून, ऑफिसच्या मोठ्या प्रिंटरवर छापून, तुम्ही ते गुंडाळी करून कपाटामागे उभे ठेवले होते. सतराव्या शतकातले, डच कंपनीच्या माणसांनी शाईने आणि पाण्याच्या रंगांनी काढलेले. कंपनीला आपली माहिती दुसऱ्यांच्या हाती पडू द्यायची नव्हती, म्हणून ते छापत नसत. एकावरून दुसरा हाताने उतरवत. तुमच्याकडे दोन होते. एक ह्या बाजूचा, खोरफक्कानच्या आसपासचा. दुसरा वेंगुर्ल्याच्या बाजूचा, जिथे त्यांची वखार होती.

मला ते नकाशे वाटलेच नाहीत. किनारा आडवा पडलेला, उत्तर भलतीकडे, गावांची नावं ओळखू न येणारी. तुम्ही बोट ठेवून वाचायला शिकवलंत. आकड्यांची ही रांग म्हणजे पाण्याची खोली, वावांत. दोन हात पसरले की एक वाव. दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडायचा आणि दोरी मोजत वर ओढायची. जिथून आकडे जातात तिथून त्यांचं जहाज गेलं. त्याच्या दोन्ही बाजूंना कागद कोरा.

"पांढरा दिसता ता पाणी नाय गो बाये," तुम्ही म्हणालात. "पांढरा म्हणजे माहीत नाय. चांगलो माणूस होतो तो. माहीत नाय थंय त्याना कायएक भरूक नाय."

तो माणूस कोण, हे दोन्ही नकाशांवर लिहिलेलं नाही. तुम्ही त्याला 'तो' म्हणायचात, शेजारच्या टेबलावर बसत असल्यासारखं.

त्या हिवाळ्यात आपण खोरफक्कानला पर्यटकांच्या बोटीत बसलो. नकाशाच्या वरच्या कडेला एक लांब पट्टी होती: समुद्रातून किनारा कसा दिसतो त्याचं चित्र, डोंगरांची रांग, टोक टोक मोजून काढलेली. ते चित्र खरं आहे का हे पाहायचं होतं, आणि ते रस्त्यावरून दिसत नाही. बोटीत आइस्क्रीम खाणारी दोन कुटुंबं होती. तुम्ही मधोमध उभे राहून पाऊण मीटर लांबीची गुंडाळी उलगडलीत. बोटवाला ओरडला, "अंकल, यल्ला, बैठो बैठो!" तुम्ही बसला नाहीत. मला कागदाचं एक टोक धरायला लावलंत.

पहिल्यांदा काहीच जुळलं नाही. मग बोट वळली, आणि एका क्षणी डोंगरांच्या तीन टोकांखाली कागदावरची तीन टोकं आली. खाली इमारती होत्या, धक्का होता, क्रेन होत्या. वरची रेघ तीच होती. आइस्क्रीमवाल्या कुटुंबातली बाई तुमच्या खांद्यावरून कागद बघत म्हणाली, "अरे, सेम है!" तुम्ही तिला म्हणालात, "सेम रहेगा ही. पहाड़ है, बिल्डिंग थोड़ी है." परत येताना गाडीत तुम्ही झोपलात आणि मी गाडी चालवली. कितीतरी वर्षांत कुठलीही गोष्ट इतकी तंतोतंत पडताळून मिळाली नव्हती. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आभार मानायचे राहिले.

वेंगुर्ल्याचा नकाशा तुम्ही गेल्या वर्षी उन्हाळ्यात पुन्हा उलगडलात. मी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक आहे आणि मला एक लेख कमी पडत होता. तुम्ही तुमच्या गावासमोरच्या समुद्रावर बोट ठेवलंत. किनाऱ्यापासून थोडं आत एक छोटा ठिपक्यांचा गोल होता आणि त्याच्या शेजारी पाच अक्षरं. डी, आर, ओ, ओ, जी.

"ह्यो आमचो सुकतीचो खडक. बघ, काय लिवलाहा त्याना."

सुकती म्हणजे ओहोटी, हे मला ठाऊक होतं. मी फोटो काढला. वहीत लिहिलं: सुकतीचा खडक, ड्रूग. तेवढ्यात डेस्कवरून फोन आला, पहिलं पान बदलत होतं, आणि मी निघाले. त्या शब्दाचा अर्थ मी विचारला नाही. तुम्ही सांगायच्या बेतात होतात, असं आता वाटतं. पण ते मला नक्की माहीत नाही, म्हणून तसा दावा करत नाही.

लेख अल बर्शातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर लिहिला. वहीतला शब्द पाहिला. इंग्रजांच्या जुन्या कागदांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग या नावांच्या शेवटी हीच पाच अक्षरं लिहिलेली असतात. दुर्गचं त्यांनी ड्रूग केलं. कोकणच्या इतिहासाचं एखादं पुस्तक वाचलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे माहीत असतं. मलाही होतं. दुसऱ्या कोणाला ते माहीत नसतं, आणि म्हणून ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. मी लिहिलं, "या खडकावर एकेकाळी दुर्ग असावा." मथळा देताना अक्षरं जास्त होत होती. 'असावा' गळलं. मथळा छापला गेला: 'डच नकाशात सापडला हरवलेला दुर्ग'. लेखाची प्रत छापण्याआधी तुम्हाला पाठवली नाही. आमच्या दैनिकात अशा कारणावरून मी दोन जणांना लेखी समज दिलेली आहे.

अंक मिळाल्याच्या दिवशी तुमचा फोन आला.

"एडिटरबाय, अंक मिळालो. छपाई बरी आसा." आणि मग, "दुर्ग खंयसून काढलंस?"

"नकाशावरच आहे की, काका. ड्रूग."

"ता डच आसा गो."

"हो, पण इंग्रजांच्या कागदांत..."

"इंग्रजांका सोड. डचात त्या शब्दाचो अर्थ सुको. कोरडो. ओहोटीक उघडो पडता, भरतीक बुडता. शिरा पडो त्या मथळ्यार! बुडणाऱ्या खडकार किल्लो बांधलंस तू."

मी हसले. तुम्हीही हसलात. बंदरातला गाळ उपसणाऱ्या जहाजावरच्या एका डच माणसाकडून तुम्ही साठेक शब्द शिकला होतात, वाळू, चिखल, खडक, कोरडं, आणि ते एका वहीत मराठी अर्थांसह लिहून ठेवले होते. पाचच मिनिटं विचारलं असतं तर पुरलं असतं. फोन ठेवताना म्हणालात, "दुरुस्ती घाल. लगेच." मी म्हटलं, "घालते."

आणखी एक वाद होता आणि तो मिटलेला नाही. तुमचं म्हणणं असं, की त्या नकाशावर ओहोटीला उघडे पडणारे खडक आणखी चार आहेत आणि त्या चारींवर नुसत्या फुल्या आहेत. शब्द फक्त ह्या एकावर आहे. का? कारण त्या चारींना गावात नाव नाही आणि ह्याला आहे. म्हणजे होडीत गावचा कोणीतरी माणूस होता. डचाने विचारलं, हा कोण? त्याने सांगितलं, सुकती. डचाने दुभाष्याला अर्थ विचारून आपल्या भाषेत लिहिलं. "अक्षर डचाचा, तोंड आमचा," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, त्यांच्या नकाशांवर हा शब्द शेकडो ठिकाणी असेल, त्यांनी ओहोटीला खडक पाहिला आणि लिहिला, एवढंच. पुरावा काय? तुम्ही म्हणायचात, "पुरावो मीच. मी त्याका आजून सुकतीच म्हणतंय." तो पुरावा नव्हे, हे मी चार वेळा सांगितलं. आजही मला ते पटलेलं नाही. तुमच्या गावचा तो माणूस होडीत असता तर मला बरं वाटलं असतं, पण हे मी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही ते पुरावा म्हणून धरलं असतं.

लेख पीडीएफ होऊन फिरला. तिसऱ्या आठवड्यात तो तुमच्या गावात पोचला, पाचव्यात पुण्यातल्या डोंगरभटक्यांच्या ग्रुपवर. गावात दोन मतं झाली. म्हाताऱ्यांना माहीत होतं की तिथे कधी काही नव्हतं. तरुणांना वाटलं, म्हाताऱ्यांना माहीत नसेल. तुमचा पुतण्या अजित गावात मासेमारीची होडी चालवतो. त्याच्याकडे माणसं दुर्ग दाखव म्हणून येऊ लागली. त्याने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही नको म्हणालात. दुसऱ्या होडीवाल्याला कोणी नको म्हणालं नव्हतं.

फेब्रुवारीत चार जण खडकावर उतरले आणि होडी जाळं बघायला पुढे गेली. ती परत आली तेव्हा पाणी चौघांच्या कमरेपर्यंत होतं. सगळे सुखरूप निघाले. त्यांनी काढलेला व्हिडिओ माझ्या लेखापेक्षा जास्त फिरला. त्याचं नाव होतं, 'समुद्राने गिळलेला दुर्ग'.

त्या संध्याकाळी फोनवर तुम्ही मला 'एडिटरबाय' म्हटलं नाही.

"दुरुस्ती खंय आसा?"

"काका, दुरुस्ती जिथे चूक छापली तिथेच छापायची असते. दिवाळी अंकात, त्याच पानावर. आमच्याकडे नियम आहे."

"आमच्याकडे आठवड्यात जाता. जगातल्या सगळ्या बोटींवर. कोणी विचारणा नाय, चूक खंय छापली होती."

"अंक वर्षातून एकदाच निघतो."

"मग तुझ्या खडकाक सांग, दिवाळीपर्यंत बुडू नको."

मी तुम्हाला तीन कारणं दिली होती. नियमाचं एक. मंडळाच्या ग्रुपवर परस्पर काही टाकता येत नाही, अध्यक्षांना विचारावं लागतं, हे दुसरं. आणि कोणी बुडालेलं नाही, हे तिसरं. चौथं दिलं नाही. डेस्कवरच्या माणसाचं नाव कुठेच छापत नाहीत. अठरा वर्षांत माझ्या नावाने छापलेला आणि अनोळखी माणसांनी वाचलेला तो एकच लेख होता. तिन्ही ऐकून तुम्ही "आणि?" असं विचारलंत, म्हणजे तुम्ही ते ओळखलं असावं. 'असावं' या वेळी ठेवते आहे.

मागच्या शनिवारी तुम्ही नेहमीसारखे बसने दुबईला आलात आणि आपण करामात, आपल्या ठरलेल्या मालवणी खाणावळीत भेटलो. तुम्ही, मी आणि माझी मुलगी ईशा. तुम्ही बांगड्याचं तिखलं मागवलंत आणि थाळी यायच्या आत मुद्द्यावर आलात. पावसाळा संपला, पुण्याहून अठरा जण येणार, पुढच्या रविवारी. अजित नाही म्हणाला, दुसरा होडीवाला हो म्हणाला.

"अठरा माणसां," तुम्ही म्हणालात. "खडक उघडो ऱ्हवतलो अडीच तास. अठरा माणसां चढवूक एक तास, उतरवूक एक तास. मधी ऱ्हवलो अर्धो तास. त्यात ती किल्लो शोधतली. मिळाचो नाय म्हणून आणखी शोधतली."

ईशाने फोनमधून डोकं काढलं नाही. "मम्मा, जस्ट पोस्ट अ करेक्शन ना. इट्स लाइक टू मिनिट्स."

"काय म्हणता ती?"

"काही नाही."

"माका कळता थोडा थोडा इंग्रजी," तुम्ही म्हणालात आणि तिच्या ताटात तुमची तळलेली तुकडी टाकलीत.

मी म्हटलं, "काका, चार आठवड्यांवर दिवाळी आली. अंकात येईलच."

"भरती दिवसाक दोनदा येता गो."

मग तुम्ही विषय सोडलात. ईशाला शाळेचं विचारलंत, ती इंग्रजीत बोलत राहिली आणि तुम्ही मालवणीत, आणि दोघांचं व्यवस्थित चाललं. बस स्टेशनवर सोडते म्हटलं तर नको म्हणालात. मेट्रोच्या जिन्याकडे जाताना मागे वळलात आणि हात हलवलात तो आम्हाला नाही, रस्ता अडवून उभ्या असलेल्या गाडीला.

रविवारी मी मंडळाच्या अध्यक्षांना, देशपांड्यांना फोन केला. ते म्हणाले, "अहो मॅडम, इतका गाजलेला लेख. आता आपणच उठून सांगायचं, चुकलं? लोक काय म्हणतील? खलास झालं ते. दिवाळीला छोटीशी चौकट टाका, इन्शाल्ला कोणी वाचणार नाही." मी म्हटलं, "बरं." आग्रह धरला नाही. सोमवारी मी कामावर होते. एका बातमीत बंदराच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते दहा मिनिटांत दुरुस्त केलं.

मंगळवारचं वर लिहिलं आहे.

बुधवारी शाजी तुमचं टेबल आवरत होता. त्याने मला एका कागदाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "आपका नाम लिखा है ऊपर." कागदावर सोमवारची तारीख होती. जांभळी शाई. लिहिताना तुम्ही मालवणी वापरली नव्हती.

"कोकण किनारा, वेंगुर्ल्याच्या उत्तरेस. काढा: दुर्ग. घाला: खडक, ओहोटीला उघडा, भरतीला पाण्याखाली. स्थानिक नाव सुकती. आधार: डच हस्तलिखित नकाशा आणि स्थानिक माहिती."

मी तो दोनदा वाचला. माझ्या हाताला कापायची सवय आहे. 'स्थानिक माहिती' या दोन शब्दांत तुम्ही होडीतला तुमचा माणूस हळूच आत घेतला आहे, हे मला दिसलं. तरी तो आधार खडकाच्या आजच्या नावापुरता खरा होता. एकही शब्द बदलला नाही. खाली दोन वाक्यं माझी घातली: मूळ लेखातली चूक माझी होती, श्री. मयेकर यांनी ती अकरा महिन्यांपूर्वी लक्षात आणून दिली होती. खाली नाव लिहिलं. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, अजितकडून गावाच्या ग्रुपवर, आणि पुण्याच्या सहलीच्या आयोजकाला थेट. ईशा म्हणाली होती दोन मिनिटं लागतील. चार लागली.

देशपांड्यांनी लिहिलं, "निदान आज तरी थांबायचं होतं." आयोजक म्हणाला, "मॅडम, आधी सांगायचं ना. सगळ्यांनी रजा टाकल्यात." पुण्याच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की दुरुस्ती करणाऱ्या बाईंना इतिहास माहीत नाही, मूळ लेख वाचा, त्यात पुरावा दिलेला आहे. त्याला मी उत्तर दिलं की मूळ लेख मीच लिहिला आहे. त्यावर त्याने अंगठा पाठवला. हे तुम्हाला सांगण्यासारखं होतं. तुम्ही त्याला अस्सल शिवी घातली असतीत आणि मग त्या माणसासाठी फुजैराच्या ऑफिसातून वेंगुर्ल्याचा चांगला नकाशा पाठवून दिला असतात.

कागदपत्रं गुरुवारी दुपारपर्यंत झाली. शाजी शेवटपर्यंत बरोबर होता. गुरुवारी रात्रीच्या विमानाने तुम्ही गोव्याला गेलात. शुक्रवारी अकरा वाजता गावात अंत्यविधी झाला, असं अजितने कळवलं. काकूंशी मी फोनवर बोलले. त्यांनी विचारलं, "त्येंका काय त्रास होतो काय शनिवारी?" मी म्हटलं, नाही, व्यवस्थित जेवले. त्रास मी दिलेला होता, हे त्यांना सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

थकवा आहे, काका. दुःखाबद्दल वेगळं लिहिता येत नाही. चार दिवस मी एकाच वाक्याची दुरुस्ती निरनिराळ्या माणसांना पाठवते आहे आणि प्रत्येक जण विचारतो, मग तिथे होतं तरी काय. मी सांगते, खडक. ते विचारतात, नुसता? तुम्ही बावीस वर्षं दर आठवड्याला हे करत होतात, कोणी पाहत नसताना, कधीही न भेटणाऱ्या माणसांसाठी, आणि तुमचा आवाज कधी चढला नाही. तो चढवला मीच, एकदा फेब्रुवारीत. तुमच्याकडून मी खोली वाचायला शिकले, कोरी जागा कोरी ठेवायला शिकले. दुसरी गोष्ट उशिरा शिकले. उशीर किती, तर अकरा महिने.

आज शनिवार. आयोजकाने सहल रद्द केलेली नाही. ज्याला यायचं नाही त्याने नाव काढावं, असं ग्रुपवर लिहिलं आहे. अजित सकाळी दुसऱ्या होडीवाल्याच्या घरी जाऊन आला. तो म्हणाला, शब्द दिलेला आहे, माणसं आली तर नेणार. अजित उद्या आपली होडी घेऊन खडकापासून थोड्या अंतरावर थांबणार आहे. उद्या खडक सकाळी आठच्या सुमारास उघडा पडेल आणि साडेदहापर्यंत पाण्याखाली जाईल.

अठरापैकी अकरा जणांनी नावं काढली आहेत. उरलेल्या सात जणांकडून संध्याकाळी सव्वासहापर्यंत काही कळलेलं नाही.